पोपटराव चार दिवस परत आले होते

मांडवगण फराट्यात पोपटरावांच्या डेअरीवर किटलीभर दूध घालायला निम्मी सकाळ जाते, असं लोक हसत म्हणायचे. मापाला वेळ लागत नव्हता, बोलण्याला लागायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या गाईला कालवड झाली, कुणाच्या पोरासाठी मुलगी बघायला कुठं गेले होते, हे सगळं पोपटरावांना ठाऊक असायचं. नसलं तर ते विचारून घ्यायचे. दूध मशिनला लावण्याआधी किटलीचं झाकण उघडून ते नाक जवळ न्यायचे. रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळलेलं असलं की झाकण परत लावून म्हणायचे, "हे घरी न्या मामा. मामींना म्हणावं, कलाकंद करा." मामा ओशाळायचे, पण रागवायचे नाहीत.

अनिता त्यांची बायको. माहेर राहूचं, म्हणजे भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात. बोलायला कमी, आणि स्वभावानं घाबरट. मुलगी मोनिका रांजणगावच्या कंपनीतनं यायला जरा उशीर झाला की अनिताचा जीव टांगणीला लागायचा. टँकर वेळेवर आला नाही तरी ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची. पोपटराव हसायचे. काळजी करायचं काम तिचं आणि "काय हुत न्हाई" म्हणायचं काम त्यांचं, अशी वाटणी लग्न झालं तेव्हापासूनच ठरून गेली होती.

त्यांचं बिनसायला नेमकं कधी सुरुवात झाली, हे तिला आजही सांगता येत नाही. एक दिवस टँकरवाल्याचा फोन आला, की मांडवगणचं सगळं दूध नासकं निघालं, प्लँटवरनं परत पाठवलंय. असं कधी झालं नव्हतं. अनितानं विचारलं तर पोपटराव म्हणाले, "निघालं असंल." ना हळहळ, ना राग. आठवड्याभरात पुन्हा तेच झालं. या वेळी किटलीतलं दूध इतकं आंबलेलं होतं, की पलीकडं पावती फाडणाऱ्या अनिताला वास आला, आणि नाकाशी झाकण धरून उभ्या असलेल्या पोपटरावांना आला नाही.

मग हळूहळू त्यांचं बोलणं आटलं. लोक किटल्या घेऊन यायचे, दोन शब्द टाकून बघायचे, उत्तर आलं नाही की गप्प निघून जायचे. काहीजण दुसऱ्या डेअरीला जायला लागले. पोपटराव एकच शर्ट चार-चार दिवस घालायचे. अंघोळ करा म्हटलं की "करतो" म्हणायचे आणि दारात तसेच बसून राहायचे. चिडत नव्हते, भांडत नव्हते. भांडले असते तर अनिताला बरं वाटलं असतं. घरात माणूस असून घर रिकामं, अशी अवस्था. एकदा ते दारातच, उभ्याउभ्या, पायजम्यात ओले झाले आणि काहीच झालं नसल्यासारखे आत येऊन पाटावर बसले. मोनिका तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. अनितानं फरशी पुसली. आपण कुणाची फरशी पुसतोय, हा विचार तिच्या मनात आला आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

त्यांचे थोरले भाऊ हौसराव म्हणाले, "पितोय ह्यो. तू झाकू नको अनिता."

"न्हाई हो भाऊजी. वास तरी आला असता."

"मग बाहेरचं हाय काहीतरी."

हौसरावांनी त्यांना एका देवऋषाकडं नेलं. गावातल्या डॉक्टरांनी मनाचा आजार आहे म्हणून गोळ्या दिल्या. अंगारा आणि गोळ्या दोन्ही चालू होतं, आणि पोपटराव दोन्ही मुकाट घेत होते.

त्याच सुमारास राहूला अनिताचे वडील, आप्पा, गेले. पोपटराव आप्पांचे नुसते जावई नव्हते. दोघं एकमेकांना रोज फोन करायचे, बैल-बाजारापासून निवडणुकीपर्यंत सगळ्यावर वाद घालायचे. आप्पांना अंगणात ठेवलं होतं, बायका रडत होत्या, आणि पोपटराव ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणाले, "जेवायला काय केलंय?"

अनिताचा भाऊ पप्पू उठून त्यांच्या अंगावर गेला, चार माणसांनी त्याला धरलं. तेराव्यानंतर पप्पू बहिणीला म्हणाला, "ताई, तू कवाबी ये. पण दाजींना आणू नको." तिनं मान हलवली. परतताना गाडीत पोपटराव खिडकीतनं बाहेर बघत होते. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि तिच्या मनात आलं, की ह्या माणसाला आपण कुणीच लागत नाही. लग्न झाल्यापासून तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

खरं काय ते मोनिकामुळं कळलं, तेही आडवळणानं. तिनं बापापुढं चहाचा कप ठेवला, तर त्यांचा हात कपाच्या बाजूला जाऊन ताटलीवर पडला. दुसऱ्या दिवशी ते उघड्या दाराच्या चौकटीवर जाऊन आदळले. मोनिकानं रजा टाकली आणि त्यांना शिरूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. नंबर वाढला असेल, अशीच दोघींची समजूत. डॉक्टरांनी औषध घालून डोळ्याच्या आत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि चष्म्याचं काहीच बोलले नाहीत.

"डोळ्यामागच्या नसेला सूज आहे," ते म्हणाले. "हे डोळ्याचं दुखणं नाही. आजच डोक्याचा स्कॅन करा."

स्कॅन झाला. दोन दिवसांनी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांनी ती फिल्म उजेडावर लावली. अनिताला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं, पण हे तिलासुद्धा दिसलं. कपाळाच्या मागं एक पांढरा गोळा होता, मोसंबीएवढा, आणि बाकीचा मेंदू त्याच्या भोवती आक्रसून बसला होता.

"ट्यूमर आहे," डॉक्टर म्हणाले. "सावकाश वाढणारा दिसतोय, बरीच वर्षं असेल. माणसाचा स्वभाव, उमेद, लाजलज्जा, हे सगळं मेंदूच्या ह्या भागात असतं. त्यावरच दाब आलाय. त्यांना वास येत होता का?"

अनिताला नासलेल्या दुधाच्या किटल्या आठवल्या. तिनं नकारार्थी मान हलवली.

"वासाची नस याच्या खालीच असते. ती सगळ्यात आधी जाते."

मोनिका रडायला लागली. अनिताच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. तिला काय वाटत होतं ते तिनं पुढं कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. नवऱ्याच्या डोक्यात गाठ आहे हे ऐकून तिला हायसं वाटलं होतं. म्हणजे ते मुद्दाम करत नव्हते. म्हणजे मूळचा माणूस कुठं गेलेला नाही, त्या पांढऱ्या गोळ्याच्या मागं दबून बसलाय. गोळा काढला की तो बाहेर येईल. जन्मभर वाईटाच्याच शंका काढणाऱ्या त्या बाईनं त्या खोलीत पहिल्यांदा आशा धरली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

पोपटराव शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "काका, कळलं का काय झालंय ते?"

"व्हय. गाठ हाय."

"ऑपरेशन करावं लागेल."

"बरं," पोपटराव म्हणाले. मग अनिताकडं वळून म्हणाले, "च्या मिळंल का?"

त्यांना त्याच दिवशी भरती केलं. मेंदूवरची सूज उतरावी म्हणून इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या. सूज उतरली की मग ऑपरेशन, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अनिता खालून इडली घेऊन वर आली, पुडा सोडला, त्यांच्या पुढ्यात ठेवला. पोपटरावांनी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "अने, तू खाल्लंस का?"

तिचा हात तसाच राहिला. वर्ष उलटून गेलं होतं त्यांनी तिची विचारपूस केल्याला.

"खाल्लं," ती खोटंच बोलली.

"तोंड कसं झालंय बघ तुझं. बस हितं. निम्मं तू घे."

ती बसली. दोघांनी मिळून इडली खाल्ली. चटणी कशाची आहे ते त्यांना कळेना, चवच लागत नाही म्हणाले, पण ते स्वतःहून म्हणाले. दुपारपर्यंत त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या इंदापूरच्या म्हाताऱ्याची सगळी कुळकथा काढून घेतली होती. झाडू मारायला आलेल्या मावशींना त्यांनी कुठल्या गावच्या विचारलं. संध्याकाळी मोनिका आली तर म्हणाले, "काय गं, कंपनीनं हाकलली का काय? रोज हितंच दिसतीस." मोनिका हसता हसता रडायला लागली आणि बाहेर पळाली. डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनी अनिताला बाजूला घेऊन सांगितलं, की हे औषधामुळं आहे, सूज उतरलीय, ट्यूमर जिथल्या तिथंच आहे. तिनं ऐकलं. पण ऐकलेलं सगळंच काही लगेच मनात उतरत नाही.

भान परत आलं तशी आठवणही यायला लागली. हे तिनं गृहीत धरलं नव्हतं. मागच्या वर्षातलं सगळं त्यांच्या डोक्यात होतं, फक्त तेव्हा ते त्यांना लागलं नव्हतं. आता एकेक लागायला लागलं. दुसऱ्या दिवशी ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. तिला वाटलं झोपलेत.

"अने."

"काय?"

"आप्पांच्या दारात मी जेवायला मागितलं."

ती खाटेजवळ सरकली.

"त्यांना पाणीबी पाजलं न्हाई मी," ते म्हणाले, आणि मग तो धिप्पाड माणूस उशीत तोंड खुपसून रडायला लागला. सासरा जाऊन कितीतरी दिवस झाले होते आणि ह्यांच्यासाठी तो आज गेला होता. अनिता त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत बसली. वडिलांसाठी तिला नीट रडता आलं नव्हतं, त्या दिवशी लाजेनंच ती अर्धी झाली होती. ते रडणं आता झालं, दोघांचं मिळून, दवाखान्याच्या खाटेवर.

तिनं पप्पूला फोन केला. तो राहूहून आला, दारात घुटमळला. पोपटरावांनी नुसते दोन्ही हात पुढं केले. पप्पू खाटेवर बसला आणि कितीतरी वेळ दोघं आप्पांच्याच गोष्टी बोलत राहिले. जाताना पप्पू म्हणाला, "ताई, हे तर आपलं दाजी हायत." जणू इतके दिवस दुसरंच कुणी होतं.

पण आपलं माणूस परत आलं, ते माणसाची भीतीही बरोबर घेऊन आलं. गाठ आहे म्हटल्यावर चहा मागणारा माणूस आता ऑपरेशनचं नाव काढलं की गप्प व्हायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"आपण घरी जाऊ."

"आन् ऑपरेशन?"

"कशाला पायजे? गोळ्यांनी बरा झालोय की मी. गोळ्या चालू ठेवू. डोकं उघडणार अने. टाळू खोलणार. मांडवगणात कुणाचं आजवर खोललंय का?"

ती उठून डॉक्टरांना शोधत गेली. घाबरट बाई, कधी कुणा साहेबाच्या समोर उभी राहिली नव्हती. ती त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहिली आणि विचारलं, की गोळ्यांवर माणूस किती दिवस असा राहील? डॉक्टरांनी खुर्ची दिली. काही आठवडे, ते म्हणाले. मग गोळ्या पुरेनाशा होतील, आणि त्याच गोळ्या शरीराची नासाडी करतील. दृष्टी पूर्ण जाईल. नंतर शुद्ध. ऑपरेशनमध्ये धोका आहे का, तर आहे, मोठा आहे. गाठ मोठी आणि रक्ताच्या नळ्यांना चिकटलेली. पण दार हेच एक उघडं आहे.

ती परत आली. खाटेच्या कडेवर बसली. समोरचा माणूस तिच्याकडं बघत होता, तिचं ऐकत होता, तिला ओळखत होता. त्याला नुसतं "चला घरी" म्हणायचं, की तो आत्ता उठून चप्पल घालणार होता. वर्षभर ती ज्याच्यासाठी झुरली तो तिला मिळाला होता, आणि आता आपल्याच हातानं त्याला त्या दारातून आत ढकलायचं होतं.

"मला तुम्ही चार दिवसांपुरतं न्हाई पायजे," ती म्हणाली. "गोळ्या संपल्या की तुम्ही परत तसंच हुणार. दारात बसून ऱ्हाणार. मला ते दुसऱ्यांदा बघवायचं न्हाई."

"आन् मी उठलोच न्हाई तर?"

काहीतरी धीराचं बोलावं असं तिला फार वाटलं, पण त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं जमेना.

"तर मी जल्मभर हीच खाट आठवत बसंन," ती म्हणाली. "तरीबी जावा म्हणती."

मग त्यांनी नर्सला हाक मारली आणि संमतीचा कागद मागितला. अशा वेळी बहुतेक नातेवाईकच सही करतात, अनितानं सही केली असती तरी चाललं असतं. "न्हाई," ते म्हणाले, "सही मी करतो. उद्या कुणी हिला बोलायला नको." नजर अंधूक झाली होती, रेघ कुठं आहे ते दिसेना. मोनिकानं बोट ठेवून जागा दाखवली. पोपटरावांनी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

ऑपरेशन दिवसभर चाललं. पप्पू, हौसराव, मोनिका, सगळे खालच्या बाकड्यांवर होते. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली, म्हणाले, एक छोटासा तुकडा नसेला आणि मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलाय तो मुद्दाम ठेवलाय, ओढला असता तर जिवावर बेतलं असतं. आता शुद्धीवर यायची वाट बघू. पप्पूनं बाहेरून पेढे आणले. अनितानं एक तोंडात टाकला.

पोपटराव शुद्धीवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली. आत रक्तस्राव झाला होता. पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा तेच दार. या वेळी मेंदूला सुजायला जागा हवी म्हणून कपाळाचं हाड बाहेरच ठेवलं. मग आयसीयू, तोंडात नळी, आणि छाती वर-खाली करणारं मशिन. चार दिवस गेले, आठ गेले, पुढं तिनं मोजायचं सोडून दिलं. डॉक्टर रोज तेच सांगायचे, की थांबायला हवं.

हौसराव एकदा व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "हसत-बोलत होता माणूस. इंदापूरच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत होता. कुणी सांगितलं होतं कापायला?"

"सही पप्पांची हाय, काका," मोनिका म्हणाली.

पोपटरावांनी बायकोसाठी जे करून ठेवलं होतं ते कामाला आलं. पुढं हौसरावांनी तो विषय काढला नाही. पण अनिताला त्या सहीचा काय उपयोग? कागदावर नाव कुणाचंही असो, "तरीबी जावा" कोण म्हणालं होतं ते तिला ठाऊक होतं. ती बायकांच्या संडासात गेली, दाराला कडी लावली, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीला डोकं टेकून रडली. तिथं तिनं देवाकडं काय मागितलं ते ऐका. बरं करून दे असं तिनं मागितलं नाही, तितकं मागायची हिंमतच उरली नव्हती. ती म्हणाली, मला ते वर्षभर दारात बसून होते तसेच दे. कुणाला ओळखू नकोत, विचारू नकोत, ओले होऊन बसू देत. मी पुशीन.

आयसीयूत आत जायला दिवसातनं दोनदाच सोडायचे. कानाशी बोलत जा, असं एका नर्सनं सांगितलं होतं. काय बोलावं? देवाधर्माचं तिला येत नव्हतं, आणि धीर द्यायचा तर स्वतःकडंच नव्हता. मग ती डेअरीचं सांगायला लागली. मोनिका सकाळी डेअरी उघडून मग कंपनीत जायची, तिच्याकडनं अनिता बातम्या घ्यायची. "वरच्या आळीच्या अनसाबाईंची म्हैस याली, रेडी झाली. टँकरवाला नवीन आलाय, त्याला लई घाई असती. मशिनचा काटा अडकला हुता, पप्पूनं नीट केला." पट्ट्या बांधलेल्या त्या सुजलेल्या तोंडाकडं बघत ती हे रोज सांगायची, अगदी बारीकसारीक, जणू ते घरी आले की लगेच विचारतील. नर्सेस तिला म्हणायच्या, मावशी, तुम्ही किती धीराच्या. तिला त्यांचं नवल वाटायचं. धीर कसला, तिला गप्प बसलं तर किंचाळायला होईल असं वाटायचं म्हणून ती बोलत होती.

एका सकाळी ती अशीच अनसाबाईंच्या रेडीचं सांगत असताना तिच्या बोटावर दाब आला. तिला आधी भास वाटला. तिनं नर्सला बोलावलं. नर्स म्हणाली, "काका, हात दाबा." काही झालं नाही. अनिता म्हणाली, "अहो, दाबा की." तेव्हा त्यांनी दाबला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मशिन काढलं, पुन्हा लावावं लागलं. गळ्याला भोक पाडून नळी घातली. निमोनिया झाला. पण ते परत आत बुडाले नाहीत. गळ्यातली नळी निघाल्यावर पोपटरावांच्या तोंडून जे पहिलं वाक्य बाहेर पडलं, ते पाय ताणून धरणाऱ्या व्यायामाच्या डॉक्टरला दिलेली एक सणसणीत शिवी होती. तो बिचारा तरुण चपापला. अनिताला हसू आवरेना. वॉर्डातल्या बायका बघत राहिल्या, ही बाई शिव्या ऐकून पदरात तोंड घालून हसतेय काय.

तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरची नव्हती. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा तिनं हात जोडले, आणि मग त्यांचं पुढचं ऐकलं. उजवा डोळा गेला, तो येणार नाही. डाव्याला अंधूक दिसेल. वास कायमचा गेला. झटके येतील म्हणून गोळ्या चालू राहतील, आणि उरलेल्या तुकड्यावर नजर ठेवावी लागेल.

ते मांडवगणला आले तेव्हा कपाळाच्या एका बाजूला खड्डा होता. गाव बघायला आलं. पोपटरावांनी आवाजावरनं एकेकाला ओळखलं, चार शब्द बोलले, आणि मग एकदम सगळ्यांना "आता जावा" म्हणाले. पुढं हाड परत बसवलं. खड्डा भरला, पण माणूस पहिल्यासारखा भरून आला, असं म्हणता येणार नाही. ते आता बोलतात, विचारतात, हसवतात. पण राग पटकन येतो, आला की भांडं भिरकावतात, आणि मग लहान पोरासारखे रडतात. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी विसरतात. डेअरी अनिता चालवते. किटलीचं झाकण उघडून वास आता तीच घेते. दुसरीकडं गेलेले काही लोक परत आले, काही नाही.

सहा महिन्यांच्या स्कॅनमध्ये तो तुकडा थोडा वाढलेला निघाला. किरणांचा सेक द्यावा लागेल, रोज, सुट्टीचा वार सोडून. अनिता त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसली ती उठेचना. आता परत ते दार, परत ती बाकडी. आपल्यात काही उरलंय का, असं ती चाचपून बघत होती आणि हाताला काही लागत नव्हतं. पप्पू शेजारी येऊन बसला. म्हणाला, "राहूला येऊन ऱ्हावा दोघं. माझा टेम्पो रोज हडपसरला जातोच माल घिऊन. दाजींना पुढं बसवीन."

ज्या घरी दाजींना आणू नको म्हणाला होता, त्याच घरी दोघं राहिले. डेअरी तेवढे दिवस मोनिकानं सांभाळली. रोज पहाटे टेम्पो निघायचा, यवतला हायवेला लागायचा. मागं भाजीची पोती, पुढं तिघं दाटीवाटीनं. पोपटराव मधे बसायचे, कारण खिडकीशी बसून त्यांना फारसं दिसत नव्हतं आणि मधे बसून दोघांशी वाद घालता येत होता. सेकानं कपाळावरचे केस गेले, जेवण जाईना, येताना टेम्पो थांबवून उलटी करावी लागायची. कधी ते म्हणायचे, "पुरं झालं अने. आता न्हाई जायचं." ती म्हणायची, "उद्याचं उद्या बघू." उद्या उजाडलं की चप्पल त्यांच्या पायाशी सरकवायची. ह्यालाच लोक आशा म्हणत असतील तर तिच्याकडं ती होती. तिला स्वतःला विचारलं तर ती म्हणते, मला दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

सेक संपला. नंतरच्या स्कॅनमध्ये तुकडा तेवढाच आहे. वाढलेला नाही, गेलेलाही नाही. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं आहे, पुढचा स्कॅन वर्षानं. वर्षभर म्हणजे किती, हे अनिता आता वेगळं मोजते. पण रोज सकाळी डेअरीचं शटर वर करताना तरी ते तिच्या डोक्यात नसतं.

परवा पोपटराव म्हणाले, की कटिंगला जाऊन येतो. एकटाच. ती म्हणाली, मी येते. त्यावर भांडण झालं, तांब्या आपटला गेला, आणि ते काठी घेऊन निघाले. डेअरीपासून सलूनपर्यंत रस्ता सरळ आहे, पण उजव्या हाताला उघडं गटार आहे, आणि ती बाजू त्यांना दिसत नाही. अनिता हातातली किटली खाली ठेवून मागं मागं निघाली, त्यांना कळणार नाही एवढं अंतर ठेवून. देवळापाशी त्यांचा पाय गटाराच्या कडेवर पडला. ते झुकले, काठी रेटली, सावरले. शिवी दिली. मग काठीनं कड चाचपून बघितली, डावीकडं सरकले आणि चालायला लागले.

ती तिथंच थांबली होती, हात तोंडावर. सलूनवाल्यानं त्यांना लांबनं बघितलं आणि हाक मारली. पोपटरावांनी चालता चालताच त्याला काहीतरी विचारलं. काय ते तिला ऐकू आलं नाही, पण सलूनवाला मोठ्यानं हसला आणि सांगायला लागला. डेअरीवर किटल्या घेऊन आलेली माणसं खोळंबली होती. अनिता मागं वळली.